पॉप आर्ट आणि त्याचा काळ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पॉप आर्टबद्दल काही प्रश्न सतत येत राहतात. विचारणाऱ्यांत कला महाविद्यालयांतले विद्यार्थी असतात, शाळांतले चित्रकला शिक्षक असतात, आणि परदेशात मुलाकडे गेल्यावर म्युझियममध्ये सूपच्या डब्यांसमोर उभं राहून ‘यात कला कुठे आहे?’ असं मनात आलेले आईवडीलही असतात. ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल. एक विषय दुसऱ्यात शिरतो तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. पॉप आर्ट म्हणजे नेमकं काय?

साधारण १९५० च्या दशकाच्या मध्यापासून १९७० च्या सुरुवातीपर्यंत, आधी लंडनमध्ये आणि मग न्यूयॉर्क व लॉस एंजेलिसमध्ये, बरेच चित्रकार एका वेगळ्याच खाणीतून चित्रं काढू लागले. जाहिराती, डब्यांवरची लेबलं, कॉमिक्स, वर्तमानपत्रातले फोटो, सिनेनट्यांची प्रसिद्धीची छायाचित्रं ही ती खाण. निसर्गचित्रकार झाडाकडे पाहून चित्र काढतो. पॉप चित्रकार आधीच छापलेल्या चित्राकडे पाहून काढतो. म्हणून पॉप चित्रासमोर उभं राहिल्यावर दोन गोष्टी विचारा: हे चित्र आधी कुठे छापलं गेलं होतं? आणि चित्रकाराने त्यात काय बदललं? चमकदार रंग, जाड रेघा, ठिपके ही झाली वरची ओळख. समाज कसा बदलत होता ते या दोन प्रश्नांच्या उत्तरांत सापडतं.

२. ही चळवळ अमेरिकेत सुरू झाली ना? मग पुस्तकांत इंग्लंडचं नाव आधी का असतं?

कारण सुरुवात लंडनमध्येच झाली. १९५२ पासून ‘इंडिपेंडंट ग्रुप’ या नावाने काही तरुण चित्रकार, वास्तुरचनाकार आणि समीक्षक तिथे जमत. त्याच वर्षी एदुआर्दो पाओलोत्सी याने अमेरिकन मासिकांतली कात्रणं पडद्यावर दाखवली होती. पुढे १९५६ साली व्हाइटचॅपल गॅलरीतल्या एका प्रदर्शनासाठी रिचर्ड हॅमिल्टनने एक कोलाज केलं. त्याच्या शीर्षकाचा आशय असा: आजची घरं इतकी वेगळी, इतकी मोहक कशामुळे झाली आहेत?

हे कोलाज जेमतेम २६ सेंटिमीटर उंच आहे, पण त्यात एक अख्खी दिवाणखान्याची खोली भरलेली आहे. मध्ये पीळदार शरीराचा पुरुष, हातात भलंमोठं लॉलीपॉप. सोफ्यावर एक विवस्त्र स्त्री. टेबलावर डबाबंद हॅम, जमिनीवर टेपरेकॉर्डर, कोपऱ्यात टीव्ही, दिव्याच्या शेडवर फोर्ड मोटारीचं बोधचिन्ह. भिंतीवर तसबिरीच्या जागी प्रेमकथांच्या कॉमिकचं मुखपृष्ठ टांगलंय. आणि जिन्यावर एक बाई व्हॅक्यूम क्लीनर फिरवते आहे.

आता साल बघा. ब्रिटनमधलं युद्धकालीन रेशनिंग १९५४ च्या जुलैमध्ये संपलं, आणि शेवटी सुटलेल्या जिनसांत मांस होतं. त्यानंतर दोनच वर्षांनी टेबलावर हॅमचा तो डबा आला. कात्रणं बहुतेक अमेरिकन मासिकांतली होती. म्हणजे हॅमिल्टनने दाखवलेलं घर तेव्हाच्या लंडनकराचं नव्हतं, त्याला हवंसं वाटणारं घर होतं. अमेरिकन चित्रकार भरलेल्या दुकानात राहून चित्रं काढत होते, ब्रिटिश चित्रकार त्या दुकानाकडे लांबून पाहत होते. दोन्हीकडच्या पॉपमध्ये जो फरक आहे तो मला मुळात इथलाच वाटतो.

३. त्या काळात समाजात असं काय बदललं होतं?

बरंच काही, आणि तेही झपाट्याने. अमेरिकेत १९५० साली दहातल्या एका घरातसुद्धा टीव्ही नव्हता. १९६० पर्यंत दहातल्या जवळपास नऊ घरांत तो आला. त्याच वर्षी केनेडी आणि निक्सन यांचे वादविवाद लोकांनी घरात बसून पाहिले. १९५६ च्या कायद्याने देशभर महामार्ग झाले, शहराबाहेर एकसारख्या घरांच्या वसाहती उठल्या. काउंटरमागच्या वाण्याला वस्तू मागण्याऐवजी गिऱ्हाईक स्वतः फडताळातून माल उचलू लागलं. आता त्या वस्तूला स्वतःच बोलायला हवं होतं. म्हणून वेष्टनाचा रंग, अक्षरं, लेबल यांना पूर्वी कधी नव्हतं इतकं महत्त्व आलं. याच सुमारास हातात स्वतःचे पैसे असलेला किशोरवयीन गिऱ्हाईकवर्ग तयार झाला. १९६० मध्ये गर्भनिरोधक गोळीला अमेरिकेत मान्यता मिळाली.

आणखी एक बदल कमी लक्षात येतो, पण चित्रकलेच्या दृष्टीने तोच सगळ्यात मोठा. माणसाचा दिवस छापील चित्रांनी भरून गेला. आदल्या पिढीतल्या माणसाने वर्षभरात पाहिली नसतील इतकी चित्रं आता आठवड्यात नजरेसमोरून जात होती. त्यामुळे चित्रकाराभोवतीचं जगच चित्रांचं झालं, आणि त्याने तेच रंगवलं.

४. सूपच्या डब्यांत कला कुठे आहे?

हा सर्वांत जास्त वेळा येणारा प्रश्न, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

१९६२ च्या जुलैमध्ये लॉस एंजेलिसच्या फेरस गॅलरीत अँडी वॉरहॉलने कॅम्पबेल सूपच्या डब्यांची ३२ चित्रं मांडली. कंपनी त्या वेळी ३२ प्रकारची सूप विकत होती, प्रत्येक प्रकाराचं एक चित्र. सगळे कॅनव्हास एकाच मापाचे, २० इंच उंच आणि १६ इंच रुंद. गॅलरीने ते किराणा दुकानासारखे भिंतीलगतच्या अरुंद फळीवर ओळीने उभे केले. शेजारच्या एका गॅलरीने खिडकीत खऱ्या डब्यांची चळत रचून ते स्वस्तात विकायला काढले.

लोक विसरतात ती गोष्ट म्हणजे ही चित्रं छापलेली नाहीत, हाताने रंगवलेली आहेत. जवळ जाऊन पाहिलं तर अक्षरांच्या कडा थोड्या हललेल्या दिसतात, आणि खालच्या पट्टीवरची सोनेरी फुलं शिक्क्याने उमटवलेली आहेत, तीही सगळीकडे सारखी उठलेली नाहीत. यंत्राचं काम हाताने करायला बसलेला माणूस त्या कडांमध्ये दिसतो. आदल्या पिढीचे अमूर्त अभिव्यक्तिवादी चित्रकार प्रत्येक फटकाऱ्यात आपलं अंतरंग ओतत होते. वॉरहॉलने हात शक्य तितका मागे घेतला. कारखान्यात, कार्यालयात, वसाहतीत लाखो माणसं एकसारख्या वस्तूंमध्ये एकसारखं जगायला लागली होती, आणि त्याने चित्र काढण्याची रीतच तशी करून टाकली. मला या ३२ कॅनव्हासची थोरवी इथे वाटते.

५. मग वॉरहॉल बाजारपेठेचं कौतुक करत होता की टीका?

दोन्ही बाजूंनी ठाम उत्तर देणारे अभ्यासक आहेत, पण एकच बाजू घेतली की निम्मी चित्रं समजेनाशी होतात.

वॉरहॉल १९२८ साली पिट्सबर्गमध्ये, पूर्व युरोपातून आलेल्या एका गरीब कामगार कुटुंबात जन्मला. न्यूयॉर्कला येऊन त्याने चपला-बुटांच्या जाहिरातींची चित्रं काढत नाव कमावलं. राष्ट्राध्यक्ष जो कोक पितो तोच रस्त्यावरचा माणूसही पितो, पैसे जास्त टाकून त्याहून चांगला कोक मिळत नाही, असं त्याने पुढे लिहिलं आहे. गरिबीतून वर आलेल्या माणसाला या समतेचं खरोखरच अप्रूप होतं.

पण त्याच माणसाचं १९६३ चं ‘ट्यूनाफिश डिझास्टर’ पाहा. डेट्रॉइटच्या परिसरात दूषित डबाबंद ट्यूना मासा खाऊन दोन बायका दगावल्या होत्या. वॉरहॉलने नियतकालिकातून त्या डब्याचा फोटो आणि त्या दोघींचे हसरे चेहरे घेतले आणि पुन्हा पुन्हा छापले. सूपच्या डब्यानंतर अवघ्या वर्षभरात हा दुसरा डबा आला. सर्वांना सारखी मिळणारी वस्तू सर्वांना सारखंच मारूही शकते. ही दोन चित्रं मी नेहमी एकत्र दाखवतो, कारण त्या समाजाचा विश्वास आणि त्याची भीती दोन्ही त्यांत आहेत.

६. एकच चेहरा पुन्हा पुन्हा छापण्यात काय अर्थ?

मेरिलिन मन्रो १९६२ च्या ऑगस्टमध्ये गेली. त्याच सुमारास वॉरहॉलने स्क्रीन प्रिंटिंग हाती घेतलं होतं. आपल्याकडे लग्नपत्रिका आणि कापडी पिशव्या छापायला वापरतात तीच ही पद्धत: फोटो जाळीवर उतरवायचा आणि रबरी पट्टीने रंग आरपार ओढायचा. त्याने १९५३ च्या एका चित्रपटाच्या प्रसिद्धीचा फोटो घेतला, मानेपाशी कापला आणि ‘मेरिलिन डिप्टिक’मध्ये ५० वेळा छापला. डावीकडे २५ चेहरे भडक रंगांत, ओठ आणि पापण्या किंचित सरकलेल्या. उजवीकडे २५ काळ्या शाईत. काही ठिकाणी शाई इतकी दाटली आहे की चेहरा काळवंडतो, आणि शेवटाकडे तो जवळजवळ पुसला जातो.

जिवंतपणी ही बाई लोकांना ठाऊक होती ती छापील फोटोंतूनच. ती गेल्यावर तेच फोटो आणखी जोराने छापले गेले. दोन फळ्यांची ही रचना ख्रिस्ती वेदीवरच्या चित्रांची आहे, आणि वॉरहॉल लहानपणी ज्या चर्चमध्ये जात असे तिथे संतांच्या चित्रांची भिंतच होती. देवळातल्या मूर्तीची जागा सिनेतारकेने घेतली हा बदल कुणी निबंधात मांडेल. इथे तो उजवीकडच्या विरत जाणाऱ्या शाईत दिसतो, आणि पाहताना पोटात कालवतं.

७. नागरी हक्क, व्हिएतनाम युद्ध यांबद्दल पॉप आर्ट गप्प का होतं?

गप्प नव्हतं. हा गैरसमज सूपच्या डब्यांच्या प्रसिद्धीमुळे झाला आहे.

१९६३ च्या मे महिन्यात अलाबामातल्या बर्मिंगहॅम शहरात पोलिसांनी कृष्णवर्णीय निदर्शकांवर कुत्रे सोडले. चार्ल्स मूर याचे ते फोटो ‘लाइफ’ मासिकात आले. वॉरहॉलने त्यांवरून चित्रं केली. त्यांना ‘रेस रायट’ (वांशिक दंगल) म्हटलं जातं आणि हे नाव मला खटकतं. दंगल निदर्शकांनी केली नव्हती, हल्ला पोलिसांचा होता. पण गोऱ्या अमेरिकेला ती घटना कशी दिसत होती, याचाही तो पुरावाच आहे. १९६४ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनासाठी त्याने पोलिसांना हव्या असलेल्या तेरा गुन्हेगारांचे चेहरे इमारतीच्या भिंतीवर लावले. उद्घाटनाआधीच त्यांवर चंदेरी रंग फासला गेला.

युद्धाबद्दल सर्वांत मोठं विधान जेम्स रोझेनक्विस्टचं. तो टाइम्स स्क्वेअरवर जाहिरातींचे फलक रंगवत असे. १९६४-६५ मध्ये त्याने ‘एफ-१११’ हे ८६ फूट लांबीचं चित्र केलं. एका बॉम्बर विमानाच्या अंगावरच मोटारीचा टायर, विजेचे दिवे, केस वाळवण्याच्या यंत्राखाली हसणारी लहान मुलगी, अणुस्फोटाचा ढग आणि शेवटी टोमॅटोच्या रसातली स्पगेटी. गॅलरीत ते चारही भिंतींवर गुंडाळलेलं होतं, पाहणारा मध्ये सापडायचा. विमान आणि टायर एकाच अर्थव्यवस्थेत तयार होतात, कर भरणारा माणूस दोन्हींचा गिऱ्हाईक आहे, हे इतक्या रोखठोकपणे तेव्हा फार कमी जणांनी सांगितलं.

लॉस एंजेलिसमधल्या सिस्टर कोरिटा केंट यांचं नाव मात्र यादीतून नेहमी गळतं. त्या ख्रिस्ती जोगीण (नन) होत्या. पावाच्या वेष्टनावरची अक्षरं आणि जाहिरातींतल्या ओळी घेऊन त्या भूक आणि शांतता यांवर स्क्रीन प्रिंट काढत. १९६८ मध्ये त्यांनी मठ सोडला.

८. पॉप आर्टमध्ये स्त्रिया फक्त चित्रात दिसतात. स्त्री चित्रकार नव्हत्याच का?

होत्या. इतिहास लिहिणाऱ्यांनी त्यांना बराच काळ बाहेर ठेवलं. लंडनची पॉलीन बोटी १९६६ मध्ये वयाच्या २८ व्या वर्षी कर्करोगाने गेली, आणि तिची चित्रं पुढे अनेक वर्षं भावाच्या शेतावर पडून राहिली. ‘इट्स अ मॅन्स वर्ल्ड’ या तिच्या जोडचित्रांत पहिल्यात लेनिन, आइन्स्टाइन, एल्व्हिस असे पुरुष आणि केनेडींची हत्या आहे, दुसऱ्यात पुरुषांच्या नजरेसाठी मांडलेल्या विवस्त्र स्त्रिया. तिला मेरिलिन आवडत होती, आणि ते कौतुक एका बाईने बाईचं केलेलं आहे. प्रश्न ६ मधल्या मेरिलिनशेजारी बोटीची मेरिलिन ठेवून पाहा. बोटीची मेरिलिन चालते आहे, तिला शरीर आहे, हालचाल आहे.

आता प्रश्न २ मधली जिन्यावरची बाई आठवा. अमेरिकेत मार्था रॉस्लरने १९६७ ते ७२ या काळात फोटोकोलाजची एक मालिका केली. सजावटीच्या मासिकांतली घरं आणि ‘लाइफ’मधलं व्हिएतनाम तिने एकत्र चिकटवलं. त्यातल्या एकात एक गृहिणी पडद्यांवर व्हॅक्यूम क्लीनर फिरवते आहे, आणि पडदा सरकल्यावर खिडकीबाहेर खंदकापाशी सैनिक उभे आहेत. रॉस्लरला काटेकोरपणे पॉपमध्ये बसवता येत नाही, पण कात्री आणि मासिकं तीच आहेत. १९५६ मध्ये जे यंत्र स्वप्नातलं होतं, ते दहा-पंधरा वर्षांत इथवर आलं. या कोलाजच्या झेरॉक्स प्रती युद्धविरोधी निदर्शनांत वाटल्या गेल्या. पॉप आर्टने आपला काळ कसा टिपला हे एकाच उदाहरणात सांगायचं झालं तर मी या दोन व्हॅक्यूम क्लीनरांचं देईन.

९. दुसऱ्याचं कॉमिक, दुसऱ्याचा फोटो उचलणं ही चोरी नाही का?

कायद्याने काही वेळा ती ठरू शकते. चार्ल्स मूर यांनी वॉरहॉलवर दावा केला होता आणि तो तडजोडीने मिटला. कलेच्या अंगाने पाहायचं तर काय बदललं ते तपासावं लागतं. रॉय लिक्टेनस्टाइनच्या १९६३ च्या ‘ड्राउनिंग गर्ल’चं मूळ टोनी अब्रुझ्झो याने काढलेल्या प्रेमकथेच्या कॉमिकमध्ये आहे. मुळात मागे उलटलेल्या होडीला धरलेला प्रियकर दिसतो. लिक्टेनस्टाइनने त्याला काढून टाकलं, लाटा चेहऱ्याभोवती आवळल्या आणि पायात गोळा आल्याचा उल्लेख गाळला. आता अपघात उरला नाही. ब्रॅडला हाक मारण्यापेक्षा बुडेन, असं म्हणणारी मुलगी उरली. हा बदल लहान नाही.

तरीही कॉमिक्सच्या चित्रकारांची तक्रार मला रास्त वाटते. त्यांना पानामागे मोजके पैसे मिळत आणि गॅलरीच्या भिंतीवर त्यांचं नावही नसे. ब्रिलो साबणाच्या खोक्यांची गोष्ट अशीच. वॉरहॉलने १९६४ मध्ये मांडलेल्या खोक्यांचं मूळ डिझाइन जेम्स हार्वीचं होतं, आणि हार्वी स्वतः अमूर्त चित्रकार होता. पोटासाठी वेष्टनं करायचा.

१०. इतर देशांत पॉप आर्ट झालं का?

झालं, पण जिथे सुबत्तेऐवजी वेगळाच प्रश्न होता तिथे त्याचा सूर वेगळा लागला. पश्चिम जर्मनीत १९६३ साली गेरहार्ड रिष्टर आणि कोनराड लुएग एका फर्निचरच्या दुकानात, चौथऱ्यावर ठेवलेल्या सोफ्या-खुर्च्यांवर स्वतःच प्रदर्शनवस्तू होऊन बसले. रिष्टर दोन वर्षांपूर्वीच पूर्व जर्मनीतून निसटून आला होता, दोन्ही व्यवस्थांचा प्रचार त्याने पाहिला होता. स्पेनमध्ये फ्रँकोच्या राजवटीत ‘एकिपो क्रॉनिका’ या गटाने, तर ब्राझीलमध्ये १९६४ च्या लष्करी बंडानंतर अनेक चित्रकारांनी हीच भाषा हुकूमशाहीविरुद्ध वापरली.

११. भारतात पॉप आर्ट झालं का?

या प्रश्नाला बहुतेक जण भूपेन खख्खर हे नाव देतात, आणि ते बरोबर आहे. खख्खर १९३४ साली मुंबईत जन्मले, हिशेबनीस होते, १९६२ मध्ये बडोद्याला गेले. १९६० च्या दशकात त्यांनी देवादिकांच्या छापील तसबिरी कापून कोलाज केली. या तसबिरींची परंपरा आपल्याच मातीत वाढलेली आहे: राजा रविवर्म्यांचा छापखाना १८९४ मध्ये गिरगावात सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. नंतर १९७२ च्या आसपास खख्खरांनी घड्याळ दुरुस्तीवाला, शिंपी, न्हावी यांची दुकानं रंगवली, हाताने रंगवलेल्या पाट्यांसकट.

पण याला अमेरिकन पॉपची भारतीय आवृत्ती म्हणू नये. वॉरहॉल भरलेली फडताळं रंगवत होता तेव्हा इथे रेशनच्या रांगा होत्या. १९७२ च्या दुष्काळातली सुकडी आणि मिलो आठवणारी माणसं आजही गावोगाव आहेत. छापील चित्रांचा पूर इथे आला तो कॅलेंडरं, तसबिरी आणि सिनेमाच्या पोस्टरांतून. म्हणून खख्खरांच्या चित्रांत वस्तूंची रास नाही. एकच दुकान आहे, आणि त्यात एकटा बसलेला, नाव नसलेला मध्यमवर्गीय माणूस.

१२. भडक रंगांचं प्रत्येक पोस्टर पॉप आर्ट असतं का?

नाही. मोबाइलमधल्या ‘पॉप आर्ट’ इफेक्टने फोटोवर ठिपके येतात. लिक्टेनस्टाइनला ते ठिपके स्वस्त छपाईची खूण म्हणून हवे होते, तेव्हाच्या वाचकाला त्यांतून कॉमिकचा कागद आठवायचा. सिनेमाचं पोस्टर हा पॉपचा कच्चा माल आहे. उलट अडचणही येते. जॅस्पर जॉन्सचा ‘फ्लॅग’ १९५४-५५ मधला, विषय सर्वांच्या ओळखीचा, म्हणजे अमेरिकेचा झेंडा, तरी त्याला पॉपच्या उंबरठ्यावरचाच मानतात. मेणमिश्रित रंगाचा तो जाड, हाताळलेला पृष्ठभाग अजून आधीच्या पिढीचा आहे.

१३. आता ही चित्रं अब्जाधीश विकत घेतात. मग लोकांची कला कसली?

फेरस गॅलरीत सूपचं एक चित्र १०० डॉलरला होतं. २०२२ मध्ये वॉरहॉलची एक मेरिलिन सुमारे १९.५ कोटी डॉलरला गेली. पॉपने विषय लोकांकडून घेतले, मालकी कधीच लोकांची नव्हती. अपवाद रॉस्लरच्या झेरॉक्स प्रतींचा आणि कोरिटा यांच्या स्वस्त प्रिंटचा (प्रश्न ७ आणि ८).

१४. प्रत्यक्ष कुठे पाहता येईल?

सूपचे डबे, ‘ड्राउनिंग गर्ल’ आणि ‘एफ-१११’ न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात आहेत. ‘मेरिलिन डिप्टिक’ लंडनच्या टेटकडे आहे, तिथला कायमचा संग्रह विनामूल्य पाहता येतो. हॅमिल्टनचं कोलाज जर्मनीत ट्युबिंगनला आहे. वॉरहॉलचं स्वतंत्र संग्रहालय पिट्सबर्गमध्ये आहे. चित्रं अधूनमधून दुसरीकडे पाठवली जातात किंवा कोठारात ठेवली जातात, म्हणून निघण्याआधी संग्रहालयाच्या वेबसाइटवर ते चित्र सध्या भिंतीवर आहे का ते पाहून घ्या. सूपच्या डब्यांपाशी पोहोचलात तर राखणदार हरकत घेणार नाही इतकं जवळ जा आणि खालच्या पट्टीवरची सोनेरी फुलं नीट पाहा.